दोन पान्देलिस आणि एक कागद

"मी इंग्रजीच्या परीक्षेला बसतोय," असं थोरल्या पान्देलिसनी जेवताना जाहीर केलं आणि मसुराच्या आमटीत पावाचा तुकडा बुडवला.

त्यांच्या बायकोनं, आर्गिरोनं, चमचा खाली ठेवला. "अरे, बहात्तरावं लागलंय तुला. गेल्या आठवड्यात दुसऱ्याची बकरी आपली म्हणून घरी घेऊन आलास."

"ती आपणहून माझ्यामागे आली," थोरले पान्देलिस शांतपणे म्हणाले. "तो विषय वेगळा."

खरा विषय मेलबर्नचा होता. तिथे त्यांची धाकटी बहीण एवंथिया राहते. पन्नास वर्षांपूर्वी ती आमचं इकारिया हे ग्रीक बेट सोडून गेली, तेव्हा इथे धक्का नव्हता. आगबोट लांब पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना होडीतून तिथवर पोचवावं लागायचं. होडी पान्देलिसचीच होती. एकोणीस वर्षांच्या बहिणीला, तिच्या एका पेटीसकट, त्यांनी स्वतः वल्हवत आगबोटीपर्यंत नेलं. त्यानंतर दर ईस्टरला फोनवर आवाज ऐकायचा, एवढंच उरलं. त्या वर्षीच्या फोनमध्ये एवंथिया म्हणाली होती, "पान्देलिस, डोळे मिटायच्या आधी तुझं तोंड एकदा बघायचंय रे मला." त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं लक्ष कशातच नव्हतं. अंजिराखाली खुर्ची टाकून ते समुद्राकडे बघत बसत आणि कॉफी समोर गार होत असे.

अडचण होती ती मुलाची. स्त्रातिस हा वायरमन. दिवसभर विजेच्या तारांत हात घालून बसेल, पण बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीची त्याला धास्ती.

"बाबा, दोन विमानं बदलायची," तो म्हणाला. "मधे एक अख्खं वाळवंट. तिथे हरवलात तर 'मी हरवलोय' हे तरी सांगता येईल का तुम्हाला?"

"हरवलो तर तेही बघतीलच की."

"ते काही नाही. तुम्ही कागद आणा. इंग्रजीचा कागद आणलात की मी स्वतः तुमचं तिकीट काढतो. तोवर विमानाचं नाव काढायचं नाही."

कागद म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. इथलं प्रत्येक पोर शाळा सुटली की इंग्रजीच्या शिकवणीला जातं, वर्षानुवर्षं जातं, आणि शेवटी कागद घेऊन बाहेर पडतं. त्या परीक्षेच्या सहा पायऱ्या. सगळ्यात खाली ए-वन, मग ए-टू, असं करत करत सगळ्यात वर सी-टू. सी-टूवाल्याचं नाव निघालं की कॉफीच्या दुकानातली म्हातारी माणसंसुद्धा सरकून जागा करतात. थोरल्या पान्देलिसनी आपली नजर ए-टूवर लावली. 'माझं नाव अमुक', 'पाणी मिळेल का' आणि 'माझा गुडघा दुखतो' एवढं त्यात येत होतं, आणि बहात्तराव्या वर्षी माणसाला आणखी काय सांगायचं असतं?

देस्पिनाबाईंच्या शिकवणीत ते हिवाळाभर गेले. संध्याकाळी पाचला दहा-दहा वर्षांच्या पोरांमध्ये बसायचे. पोरं त्यांना आजोबा म्हणत आणि अडलं की टेबलाखालून उत्तर पुरवत. सकाळी बकऱ्या चारताना ते बकऱ्यांना इंग्रजीतून बसायला सांगत. बकऱ्या बसत नसत. पण त्या ग्रीकमध्ये सांगूनही कधी बसल्या नव्हत्या, तेव्हा तो भाषेचा दोष म्हणता येणार नाही.

त्याच शिकवणीत सहा वाजता वरचा वर्ग भरे, आणि त्यात त्यांचा नातू होता. त्याचंही नाव पान्देलिस. आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, आणि नाही ठेवलं तर आजोबा बारशाला येतात, जेवतात, आणि पुढे वर्षभर सुनेशी बोलत नाहीत. त्यामुळे ग्लारोसांच्या घरात पान्देलिसचा मुलगा स्त्रातिस, त्याचा मुलगा पान्देलिस, त्याचा पुन्हा स्त्रातिस, असंच पिढ्यान्‌पिढ्या चालू. आजोबा पान्देलिस, वडील स्त्रातिस, आडनाव ग्लारोस. नातू पान्देलिस, वडील स्त्रातिस, आडनाव ग्लारोस. सरकारच्या दृष्टीनं हा एकच माणूस दोनदा जन्माला आला होता.

धाकटा पान्देलिस अठरा वर्षांचा, ताडमाड उंच, दाढीवाला आणि आजोबांइतकाच तंद्रीत राहणारा. तो सी-टूला बसणार होता. त्याची आई फोतिनी हे सगळ्या गावाला सांगून चुकली होती, आणि गाव संपल्यावर शेजारच्या गावाला.

परीक्षा मे महिन्यात, सामोस बेटावर. देस्पिनाबाईंनी दोघांची प्रवेशपत्रं दोन लिफाफ्यांत घालून आर्गिरोकडे दिली. दोन्ही लिफाफ्यांवर एकच नाव. "वरचा थोरल्यांचा, खालचा धाकट्याचा," असं त्यांनी बजावून सांगितलं. आर्गिरोनं ते नीट लक्षात ठेवलं. मग लिफाफे पावाच्या पिशवीत टाकले, वर चीज ठेवलं, ऑलिव्हचा डबा ठेवला, डबा आडवा झाला म्हणून सगळं उपसून पुन्हा भरलं, आणि धक्क्यावर एक लिफाफा नवऱ्याच्या हातात दिला, दुसरा नातवाच्या.

"हा तुझा, हा तुझा. आणि भांडू नका."

आत काय आहे हे दोघांपैकी एकानंही उघडून पाहिलं नाही. आमच्या बेटावर वेळेआधी लिफाफा उघडणं हे उतावळेपणाचं लक्षण समजतात. बोट निघाली. मे महिन्यातला समुद्र इतका निवांत होता की बोट चालली आहे की नुसती उभी आहे, कळत नव्हतं. आजोबा-नातू डेकवर शेजारी शेजारी बसून पाण्याकडे बघत राहिले. इंग्रजीचा एक शब्दही कोणाच्या मनात आला नाही.

सामोसच्या त्या शाळेत दारावरच्या मुलीनं आजोबांचा लिफाफा उघडला, ओळखपत्र पाहिलं, नाव पाहिलं, वडिलांचं नाव पाहिलं आणि म्हणाली, "वरचा मजला, आजोबा. डावीकडे."

वर डावीकडच्या खोलीत सगळी मोठी माणसं होती. कॉलेजच्या मुली, एक चष्मेवाला डॉक्टर आणि खोलीतल्या सगळ्यांहून जास्त घाबरलेली एक वकीलबाई. थोरल्या पान्देलिसना फार बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला पोरांमध्ये न बसवता मोठ्यांत बसवलंय, म्हणजे सामोसच्या लोकांना अजून रीत आहे, असं त्यांच्या मनात आलं. खुर्ची चांगली होती. खिडकीतून बंदर दिसत होतं.

प्रश्नपत्रिका हातात आली. त्यांना काही कळलं नाही. पण काही कळणार नाही अशी त्यांची मनाची तयारी आधीपासूनच होती, त्यामुळे त्यात नवल वाटलं नाही. 'पाणी' सापडलं, त्याखाली त्यांनी रेघ मारली. 'घर' तीनदा सापडलं. उत्तरांच्या गोलांपैकी जे दिसायला बरे वाटले ते त्यांनी नीट, रेघेबाहेर न जाता, काळे केले.

मग भिंतीवरच्या कर्ण्यातून एक इंग्रज माणूस बोलू लागला. त्याचा आवाज मऊ आणि समजूतदार होता. कॉलेजच्या मुली भराभरा लिहीत होत्या. थोरले पान्देलिस खिडकीबाहेर बघत त्या आवाजाबरोबर हलके हलके वाहत गेले. बंदरावरचं ऊन पांढरं होत गेलं, आणि त्यातून एक जुनी आगबोट उलटी येताना दिसली. गेलेली बोट तशीच मागे मागे परत येत होती. कठड्यापाशी एकोणीस वर्षांची मुलगी पेटीवर बसलेली, आणि बोट मागे सरेल तसतसा तिचा चेहरा मोठा होत होता. आता नाक दिसलं, आता हनुवटी. तेवढ्यात कर्णा बंद पडला आणि कोणीतरी त्यांच्या पुढ्यातून कागद काढून घेतला.

तळमजल्यावर तोवर निराळाच प्रकार चालला होता. धाकट्या पान्देलिसला ज्या बाकावर बसवलं, तिथे त्याचे गुडघे मावेनात. डावीकडे एक नऊ वर्षांची मुलगी, उजवीकडे दात पडलेला एक मुलगा. आपण वाट बघायच्या खोलीत आहोत असं त्याला बराच वेळ वाटत होतं. मग समोर कागद आला. त्यावर एका मांजराचं चित्र होतं आणि मांजर खुर्चीवर आहे की खाली, असं विचारलं होतं.

त्यानं हात वर केला. "बाई, काहीतरी चूक झालीय. मी सी-टूचा आहे."

पर्यवेक्षिकेनं यादी पाहिली. "पान्देलिस?"

"हो."

"वडील स्त्रातिस? ग्लारोस?"

"हो, पण—"

"मग चूक कसली? खाली बस. दरवर्षी एकजण तरी सांगतोच की मी वरच्या परीक्षेचा." मग आवाज उतरवून तिनं धीर दिला, "घाबरू नकोस बाळा. सोपं असतं."

धाकटा खाली बसला. मांजराकडे बघता बघता त्याच्या सगळं ध्यानात आलं. हे मांजर आजोबांचं. आणि वरच्या मजल्यावर आजोबा आत्ता... त्यानं पुन्हा हात वर करायला घेतला, अर्ध्यात थांबला आणि खाली घेतला. मग पेन उघडून त्यानं मांजर खुर्चीवर असल्याचं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

दुपारी तोंडी परीक्षा. सी-टूत दोघादोघांना आत बोलावतात. थोरल्या पान्देलिसच्या जोडीला ती वकीलबाई आली, क्लेओनिकी नावाची. तिची ही चौथी खेप होती. समोर परीक्षक म्हणून मिसेस थॉर्नली बसल्या होत्या, तीस वर्षांपूर्वी सामोसच्या एका दंतवैद्याशी लग्न करून तिथेच राहिलेल्या. वकीलबाई आधी बोलली. न्याय, समाज, पर्यावरण. तिनं एका दमात इतकं बोलून टाकलं की शेवटी तिला ठसका लागला.

मग मिसेस थॉर्नलींनी थोरल्या पान्देलिसपुढे एक कार्ड सरकवलं. माणूस घरापासून किती लांब गेला तरी घरचाच राहतो, यावर दोन मिनिटं बोलायचं होतं. पान्देलिसना त्यातला 'घर' शब्द ओळखू आला, आणि 'लांब'. त्यांनी कार्ड खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले आणि जवळ होते ते सगळे शब्द कामाला लावले.

"माझी बहीण," ते इंग्रजीत म्हणाले. "ती लांब. मी तरुण. माझी होडी. मोठी बोट तिकडे. बहीण माझ्या होडीत." थांबले. वल्हवायला शब्द सापडेना म्हणून हातांनी वल्हवून दाखवलं. "मी असं. मी चांगला. मी जलद. मोठी बोट जवळ, जवळ. बहीण वर जाते. बोट जाते." पुन्हा थांबले. "पन्नास वर्षं. मी रोज विचार करतो. मी का जलद?"

मिसेस थॉर्नलींच्या लक्षात दुसऱ्याच वाक्याला आलं होतं की हा माणूस चुकीच्या खोलीत आहे. पण त्यांनी थांबवलं नाही. दोन मिनिटांचं घड्याळ वाजलं तेही त्यांनी बंद केलं. वकीलबाई रुमालात तोंड घालून रडत होती, आणि तिच्या पुढच्या प्रश्नाला तिनं चक्क ग्रीकमध्ये उत्तर दिलं.

परतीच्या बोटीवर ऊन कलतं झालं होतं. धाकट्यानं विचारलं, "आजोबा, तुमच्या खोलीत लहान मुलं होती का हो?"

"छे! सगळी शिकली-सवरलेली माणसं. एक डॉक्टर, एक वकीलबाई. बाई फार हळवी. तुझ्याकडे?"

"माझ्याकडे एक मांजर होतं," नातू म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं.

"म्हणजे मी सी-टू दिली," थोरले पान्देलिस म्हणाले. "म्हटलं, एवढं कठीण कसं."

"मी सगळं बरोबर लिहिलंय, आजोबा. पैकीच्या पैकी येतील. आणि कागदावर नाव तुमचंच येणार. वडिलांचंसुद्धा."

"आणि तुझं काय?"

"माझी परीक्षा डिसेंबरात पुन्हा आहे." त्यानं दाढी खाजवली. "एवंथियाआजीचं डिसेंबरात काय असेल, कोणी सांगावं."

आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्यामुळे, असं त्यांनी सांगितलं. वारा नव्हता.

ही हकीगत कानावर गेली तेव्हा देस्पिनाबाईंची पाचावर धारण बसली. "कुठे बोलू नका," त्यांनी हात जोडले. "शिकवणीचं नाव जाईल. नाव तुमचं, कागद तुमचा, मग विचारणार कोण?" थोरल्या पान्देलिसनी मान डोलावली. पण त्या दिवसापासून त्यांनी बकऱ्यांशी इंग्रजी बोलणं बंद केलं.

निकाल जुलैत आला. रविवारी तुतीखाली टेबल मांडलेलं, किड्यांची किरकिर, सावली टेबलक्लॉथवर डुलत होती. फोतिनीनं पहाटे उठून बकलाव्याच्या मिठाईची दोन ताटं केली होती. स्त्रातिसनं दोन्ही पाकिटं फोडली. एक कागद पाहिला, दुसरा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"सी-टू नापास," तो म्हणाला. "पान्देलिस, काय रे हे? शंभरात अकरा."

फोतिनीनं ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. "अगं आई गं! काय तोंड दाखवू मी गावाला!"

"आणि बाबा..." स्त्रातिस दुसऱ्या कागदाकडे बघतच राहिला. "बाबा, तुम्हाला शंभरपैकी शंभर? आता बोलायला जागाच ठेवली नाहीत. शब्द म्हणजे शब्द." त्यानं खिशातून फोन काढला आणि तिकिटं बघायला सुरुवात केली.

थोरल्या पान्देलिसनी कागद हातात घेतला. नाव त्यांचं, वडिलांचं नाव त्यांच्या वडिलांचं, खाली सोनेरी शिक्का. एवढं खरं दिसणारं खोटं त्यांनी आयुष्यात हातात धरलं नव्हतं. समोर नातू डोळ्यांनी विनवत होता, 'गप्प राहा, गप्प राहा.' पलीकडे सून हुंदके देत होती.

"ठेव तो फोन," ते म्हणाले. "हे मांजर माझं नाही."

"कसलं मांजर?" आर्गिरोनं विचारलं.

मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पावाच्या पिशवीपाशी आर्गिरो म्हणाली, "डबा आडवा झाला त्याला मी काय करू?" मांजरापाशी फोतिनीनं ॲप्रन खाली केलं.

"म्हणजे माझा पान्देलिस नापास झालाच नाही?"

"त्याला शंभर मिळालेत," म्हातारा म्हणाला. "अकरा माझे."

फोतिनीनं डोळे पुसले, सुरी उचलली आणि बकलावा कापायला घेतला.

आता स्त्रातिस उठून विमानाला कायमचा फाटा देणार, असं सगळ्यांना वाटलं. तो बापाकडे टक लावून बघत होता. "बाबा, तुम्ही किती वेळ बसलात त्या खोलीत?"

"सकाळभर. मग दुपारी पुन्हा."

"आणि एक अक्षर कळत नव्हतं."

"तीन-चार कळत होती."

"भीती नाही वाटली?"

"भीती कसली? खुर्ची चांगली होती. कोणी बस म्हटलं की बसलो, ऊठ म्हटलं की उठलो. बाई बोल म्हणाली, तर बोललो. ती ऐकत होती."

स्त्रातिसनं डोकं धरलं. "मी असतो तर पाचव्या मिनिटाला पळत सुटलो असतो," तो हळूच म्हणाला. कबूल करताना त्याला जड जात होतं, पण त्यानं केलं. "विमानतळावर तरी याहून निराळं काय करायचं असतं?" आणि त्यानं फोन पुन्हा उचलला. "सप्टेंबर चालेल?"

आर्गिरोनं थोरल्या पान्देलिसच्या पाठीत एक गुद्दा घातला. "अरे, हो म्हण!" आणि मग तीच रडायला लागली.

तिकिटं निघाल्यावर स्त्रातिसनं मेलबर्नला फोन लावून बापाच्या हातात दिला.

"एवंथिया, मी येतोय," पान्देलिस ओरडले. समुद्रापारच्या माणसाशी ते नेहमी ओरडूनच बोलत. "इंग्रजीत नापास झालो, पण येतोय."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग एवंथिया म्हणाली, "इंग्रजीत? इंग्रजी कशाला शिकायला गेलास रे?"

"कशाला म्हणजे? तुझ्याकडे यायला."

"अरे वेड्या, इथे कोणाला येतं इंग्रजी? डावीकडे सामोसचे, उजवीकडे खिओस बेटावरचे, समोर आपल्याच गावची कालिरोई. पाववाला आपला, पाद्री आपला. पोरं-नातवंडं बोलतात, पण ती कामाला लांब, आणि बोलतात तेही इतकं भराभर की मी आपली हसते."

"म्हणजे तुला येत नाही? पन्नास वर्षांत?"

"शिकणार होते," एवंथिया म्हणाली. "सवडच मिळाली नाही."

थोरल्या पान्देलिसनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. पलीकडे एवंथिया कसल्यातरी विचारात पडली होती.

"पान्देलिस, तुला किती येतं?"

"अगदी थोडं गं. खालून दुसरी पायरी. तीही कागदावर नाही."

"'माझा गुडघा दुखतो' म्हणता येतं?"

"येतं." आणि त्यांनी ते इंग्रजीत, स्वच्छ, म्हणून दाखवलं.

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि एवंथियाची खिडकीतून दिलेली हाक ऐकू आली, "कालिरोई! ए कालिरोई! त्या सामोसवालीलाही बोलाव! माझा भाऊ येतोय, इंग्रजी बोलणारा!" मग ती धापा टाकत परत आली. "ऐक. आम्ही सहाजणी आहोत, आणि डॉक्टर इंग्रज. दोन वर्षं आम्ही त्याला काय सांगतो आणि तो कशाची गोळी देतो, देव जाणे. तू आलास की पहिल्या गुरुवारी सगळ्यांना घेऊन जायचं. कालिरोईचा कान आहे, माझं पोट आहे, आणि बाकीच्यांचं काय काय आहे ते वाटेत सांगतील."

फोन ठेवून थोरले पान्देलिस टेबलाकडे वळले. बकलाव्याची ताटली कोणीतरी त्यांच्यापुढे धरली होती, ती त्यांनी हातानं बाजूला केली, खिशातून चष्मा काढून लावला आणि नातवाला हाक मारली.

"पान्देलिस, पुस्तक घेऊन ये. मला फक्त गुडघाच येतो."